परग्रहावरचं मिठागर

ऐका हो ऐका! या ग्रुपवरच्या तमाम भूतप्रेमी, परग्रहप्रेमी आणि रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवून झोपणाऱ्या सभ्य स्त्री-पुरुषांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं, की ‘सध्या काय वाचताय?’ या धाग्यावर मी यापुढे काहीही लिहिणार नाही. कारण हल्ली माझं एकही पुस्तक पूर्ण होत नाही. शेवटचं प्रकरण आलं की मी पुस्तक मिटते आणि कपाटात ठेवते. निवेदन गंभीर आहे. हसू नका.

तर का, ते सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते – माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. पनवेलमध्ये माझं फॅन्सी ड्रेस भाड्याने द्यायचं दुकान आहे. सांगाडे, हडळी, अंतराळवीर सगळे माझ्याकडे हँगरला लटकतात आणि धुवायला जातात. त्यांना कोण घाबरणार? भयकथा वाचायच्या त्या मजेसाठी. दर रविवारी सकाळी दुकानाच्या माळ्यावर आमचा ग्रुप जमायचा. कोण काय वाचतंय ते सांगायचं, एकमेकांच्या आवडीची टर उडवायची. नियम एकच – शेवट सांगायचा नाही. जो सांगेल त्याने सगळ्यांना बटाटेवडे आणायचे.

हा नियम मुरलीचा. मुरली करंजाड्याचा. वडिलांचं मिठागर होतं, ते गेलं, मग याने ट्रेलर घेतले. जासईला कंटेनरच्या फेऱ्या चालायच्या. रांगडा गडी, आणि वाचायचा काय? फक्त विज्ञानकथा. “नीलाताय, भूत काय, आमच्या खाडीवर रोज दिसतं. मना दुसरा ग्रह दाखवा!” असं म्हणायचा.

मागच्या उन्हाळ्यात त्याला पॅरालिसिसचा झटका आला. हॉस्पिटलातून घरी आणला तो नाकात नळी, डोळे उघडे, पण ओळख कुठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत असेल कदाचित, बोलत राहा. त्याच्या बायकोला, कुंदाला, काय बोलावं ते सुचेना. ती म्हणाली, “बाय, तुमीच या. त्यांची ती पुस्तकं वाचा. माझा बोलना त्यांनी बरा असताना तरी कवा ऐकला?”

मग आम्ही वाचायला जायला लागलो. मी, आणि ग्रुपमधले हसनभाई – चष्म्याच्या दुकानाचे मालक, आखातात बरीच वर्षं काढलेले, रक्तपाताशिवाय पुस्तक न आवडणारे. मुरली पडला तेव्हा एक जाडजूड कादंबरी अर्धी वाचून झाली होती. बर्फाच्या एका ग्रहावर एक तंत्रज्ञ एकटाच मागे राहिलाय, त्याला न्यायला यान निघालंय. पान दुमडलेलं होतं, तिथून आम्ही सुरू केलं. दुपारी पंखा घरघरतोय, बाहेर ट्रेलरचे हॉर्न, आणि मी सगळ्या पात्रांचे आवाज काढून वाचतेय. यान बोलायचं तेव्हा नाक दाबून वाचायचे. कुंदा आतून भाकऱ्या थापत ऐकायची.

एकच प्रकरण उरलं, तेव्हा जिना उतरताना हसनभाई हळूच म्हणाले, “नीलाताई... पुस्तक खतम झालं तर?”

“तर दुसरं आणू.”

“नाही. म्हणजे... तुम्हाला कळतंय मी काय बोलतोय.”

कळत होतं ना! साध्या माणसाच्या डोक्यात हे आलंही नसतं. पण आम्ही पडलो भयकथावाले. असल्या गोष्टींत गोष्ट संपली की ऐकणाराही संपतो, हे आम्हाला पाठ. विश्वास नव्हता, तरी धोका कोण घेणार?

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडं धरलं आणि मनानेच रचून सांगायला लागले. यानात बिघाड केला. वादळ आणलं. दोन आठवडे यान त्या ग्रहावर पोचू दिलं नाही. हसनभाई कोपऱ्यात बसून मान डोलवायचे; त्यांना माहीत होतं. एकदा काहीच सुचेना, तेव्हा त्या तंत्रज्ञाला बर्फाखाली खारं पाणी सापडलं आणि त्याने तिथे चक्क मिठागर घातलं! वाफे केले, बांध घातले, पायाने तुडवून तळ घट्ट केला.

आतून कुंदा ओरडली, “बर्फात मीठ पिकंल काय गो?”

“परग्रह आहे, काहीही पिकतं!” मी म्हटलं.

आणि मुरलीने जिभेने ओठ चाटले. नळी लागल्यापासून त्याचं तोंड हललेलं नव्हतं. मला काय आनंद झाला! मग रोज मिठागर. भरतीचं पाणी, कोपऱ्यात चमकणारे पहिले खडे, सगळं.

पण मुरली सुकतच गेला. पाठीला जखमा झाल्या. एका दुपारी कुंदा हात पुसत बाहेर आली, माझ्यासमोर बसली.

“बाय, तुमी लांबवताय ना ही गोष्ट?”

मी पुस्तक मिटलं.

“ड्रेसिंग करताना त्यांच्या डोल्यांतनं पानी येतं. आवाज नाय निघत, नुसता पानी. मी पुसते नि परत येतं.” थोडं थांबून म्हणाली, “त्याला न्यायला ती गाडी येनार हाय ना? येऊ द्या तिला.”

रविवारी सकाळी मी आणि हसनभाई गेलो. कुंदाने मुरलीला स्पंज करून स्वच्छ सदरा घातला होता. मी शेवटचं प्रकरण उघडलं. या वेळी खरंखुरं, छापलेलं. वाचत होते. यान उतरतं, दार उघडतं, उजेड बर्फावर पडतो. आणि पुढची ओळ होती – चढण्याआधी त्याने वळून मिठाच्या वाफ्यांकडे पाहिलं. कोपऱ्यात पहिले खडे चमकत होते.

मी वाचायची थांबले.

मी पान हसनभाईंपुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं. तेच शब्द. “तौबा,” एवढंच म्हणाले.

“थांबू नका,” कुंदा म्हणाली.

मी वाचलं. तो चढला. दार लागलं. यान वर गेलं. पुस्तक संपलं. मान वर केली तर मुरलीचे डोळे तसेच उघडे होते, पण छाती हलत नव्हती. हसनभाई उठले, त्यांनी नाकाशी हात धरून पाहिला आणि हलक्या आवाजात त्यांची दुआ म्हटली.

ते पुस्तक कुंदाने मुरलीच्या छातीवर ठेवलं. ते त्याच्याबरोबरच गेलं. नंतर मी त्याच आवृत्तीची दुसरी प्रत मागवली. शेवटच्या प्रकरणात मिठाचा म बसेल एवढीसुद्धा जागा नाही. तो वळून पाहतो ते नुसत्या बर्फाकडे. ताणामुळे मला भास झाला म्हणावं, तर हसनभाईंनी वाचलं त्याचं काय? ते आजही कुणाला त्याबद्दल बोलू देत नाहीत. डॉक्टर म्हणतात, शरीर थकलं होतं, जायचंच होतं. असेल. मला उत्तर नकोच आहे. मी फक्त शेवट वाचत नाही.

आणि खरं सांगू? त्या ओळीपेक्षा मला कुंदाचीच जास्त आठवण येते. आम्ही दोघं मुरलीकडे बघत खिळून उभे होतो. रडणं अजून सुरू झालं नव्हतं. ती त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावत होती. लावता लावता एकदम माझ्याकडे वळली आणि मोठ्याने बोलून गेली –

“बाय, पन त्या गाडीत अजून एक मानूस मावला असता ना?”