नवलचं पोटाचं दुखणं

धानोऱ्याच्या नवलच्या पोटात आग पडायला लागली ती पंच बसले त्या हिवाळ्यापासून. साल एकोणीसशे तीसच्या आसपासचं. त्याआधी तो भरली कापसाची गाठोडी एकट्याने गाडीत चढवणारा गडी होता.

थंडी पडली की नंदुरबारचा नजीर पिंजारी धनुकली खांद्यावर टाकून गावात यायचा, गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचा. मुक्काम नवलच्या खळ्यावरच्या खोपीत. दोघांची सोबत नवलच्या लग्नाच्याही आधीची. नवल बायकोशी, शोभाबाईशी, कधी वाईट वागला नाही. पण नजीर असला की तो काम करताना गुणगुणतो, हे तिने केव्हाच हेरलं होतं. ती दोघांच्या भाकरी बांधून द्यायची आणि जास्त विचारायची नाही.

त्या वर्षी नवलचा चुलतभाऊ दोधू पहाटेच खळ्यावर गेला, खोपीत डोकावला, दोघं एका गोधडीत दिसले आणि ते तो पारावर जाऊन बोलला. नजीरला गावबंदी झाली. नवलच्या बापाचा, मगनचा, गावात मान होता म्हणून नवलला पंचांनी सोडलं. गावाने सोडलं नाही. पंगतीत त्याच्या शेजारचं पान रिकामं राहू लागलं. विहिरीवर तो आला की बोलणं थांबायचं, गेला की हसू फुटायचं.

नवलचं जेवण तुटलं. खाल्लेलं उलटून पडायचं, झोप उडाली. बापाने भगत आणला. त्याने तापल्या विळ्याने पोटावर डागण्या दिल्या. जखमा चिघळल्या, आग तशीच. मग नंदुरबारच्या वैद्याकडे नेलं. वैद्य नाडी धरून म्हणाला, "मनमा काही शे का?"

शेजारी बाप बसला होता.

"काही नही," नवल म्हणाला. वैद्याने पुड्या बांधून दिल्या.

पुढची थंडी आली तेव्हा शोभाबाई माहेरी जाते म्हणून निघाली आणि नंदुरबारात नजीरच्या बहिणीच्या, जन्नतबीच्या, दारात उभी राहिली. बोभाटा तिथंही पोचला होता. नजीरला काम मिळेना, म्हणून तो खापर गावी गेला होता. छाती भरलेली. जाण्याआधी नंदुरबारच्या दवाखान्याच्या रांगेत कुणीतरी मोठ्याने काहीबाही बोललं, सगळे हसले. तो औषध न घेताच परतला आणि पुन्हा ती पायरी चढला नाही.

घरी आल्यावर कापूस वेचता वेचता तिने नवलला सांगितलं.

"तो खापरले शे. छातीनं दुखनं शे. एकदाव जाई या."

"लोके काय म्हंतीन?"

"लोकेस्नी म्हनानं ते म्हनी टाकं."

तरी नवलचा पाय उचलेना. चैत्रात, बैल घ्यायचं निमित्त करून, तो खापरच्या बाजारात पोचला. बैलाचे दात बघता बघता त्याने व्यापाऱ्याला पिंजाऱ्याचं विचारलं.

"नजीर? तो होळीना पहिलेच मरी गया. तुन्हा कोन व्हता?"

"कोनी नही," नवल म्हणाला. "गाद्या भराना व्हत्यात."

मग त्याने भाव केला, हातावर हात मारला, बैल घेतला. दोन दिवसांची वाट तो बैलाचं दावं धरून चालत आला.

त्याचा चेहरा बघून शोभाबाईने पोरांना शेजारी पाठवलं. "रडी ल्या. मी भाहेर बसस," ती म्हणाली, दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर डाळ निवडत बसली. सासू आली तेव्हा शोभाबाईने तिला सांगितलं, त्यास्ना आंगमा ताप शे. ती बराच वेळ कान देऊन होती. आतून रडणं काही ऐकू आलं नाही. कोरड्या ओकाऱ्या तेवढ्या.

नवल त्यानंतर काही वर्षं जगला, हाडाचा सापळा होऊन. एका पावसाळ्यात रक्ताची उलटी झाली आणि गेला. तिरडीला खांदा दोधूनेच दिला. "पोटनं दुखनं लई गयं त्याले," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता.

शोभाबाईने ते ऐकलं. तेराव्याला तिने दोधूचं पान मांडू दिलं नाही.