पास्कलची गाडी

"पास्कललाच बसू दे म्हणजे? आणि मी काय गाडी नुसती पुसायची?"

"पुसा असं कोण म्हणालं? दोन वेळा जिंकलाय तो. याही वेळेला जिंकेल, एवढंच म्हटलं."

"गाडी जिंकली. तो वर बसला होता."

"मग रिकामीच सोडायची होती," जयवंती म्हणाली. "एकटीच पळाली असती वाळूवरनं, आणि गळ्यात हार घालून आपली आपण घरी आली असती."

एकनाथने ताटातल्या चटणीकडे मोर्चा वळवला. "हिच्यात कचकच लागतेय."

"लागणारच. पाटा कुणी नेला होता शेडमध्ये?"

पाटा त्यानेच नेला होता. उमराळ्यात इतका सपाट दगड दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हता, हे त्याने सगळ्या ओळखीच्या स्वयंपाकघरांत पट्टी लावून पाहिलं होतं. इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला हे लोक हेड म्हणत, ते घासून पातळ केलं की आतला दाब वाढतो आणि इंजिनाला जोर चढतो. कारखान्यात हे काम यंत्रावर होतं. एकनाथने एमरीची, लोखंड घासायच्या दगडाची, पूड आणि तेल पाट्यावर घालून ते हेड हाताने घासलं, पावसाळाभर, संध्याकाळच्या संध्याकाळ. पलीकडच्या बाजूने दुसरे दोन हात होते पास्कलचे. हेडखाली बसवायचा तांब्याचा पत्रा जयवंतीच्या माहेरच्या हंड्याचा. ती तेव्हा चार दिवस बोलली नव्हती, आणि हंडा द्यायचा नाही असंही म्हणाली नव्हती.

एकनाथचा धंदा पंपांचा. बागायतीतले राहाट जाऊन तेलावरची इंजिनं आली, तेव्हा केळी आणि पानवेली असणाऱ्या प्रत्येक घराला त्याची गरज पडू लागली. इंजिन बंद पडलं की वेल माना टाकणार, आणि वेलाने मान टाकली की घरातली माणसंही. एकनाथ यायचा, इंजिनाला हात लावायच्या आधी थोडा वेळ नुसता ऐकायचा. बांधावरून जाताना कुणाचं इंजिन दमलंय हे त्याला कळायचं. आजारी माणसाची विचारपूस करावी तशी तो ती करायचा, अगदी आवाज उतरवून.

नंदाखाल गावचा पास्कल निराळा. लढाईत लष्करी लॉऱ्या हाकून परत आलेला, आता केळ्यांचे लोंगर स्टेशनवर पोचवणारा, किडकिडीत, हसरा, आणि बोलायला लागला की समोरच्याचा चहा निवायचा. माणिकपूरला एका बंगल्यामागे जुनी फोर्ड सडत पडलीय, कोंबड्या तिच्यात अंडी घालतात, ही बातमी त्यानेच आणली. बाकी सगळं एकनाथचं. त्याने टप काढला, दारं काढली, पत्रा काढला. पेट्रोलला रॉकेलचा डबा, धूर सोडायला पंपाचे जुने पाइप, बसायला मोडक्या होडीची फळी. पेट्रोल सोडायचा दांडा त्याने पायाला न ठेवता हाताला ठेवला, पंपाच्या इंजिनाला असतो तसा. त्याला तेच ठाऊक होतं.

आणि मग कळंबचा किनारा. पुनवेला समुद्र लांब मागे जातो, दिवस कलता कलता वाळू ओली, घट्ट, शहाबादी फरशीसारखी उघडी पडते. जाळी वाळवायच्या खुंटांपासून पाव मैलावर एक बांबू रोवायचा, दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, रुमाल पडला की सुटायचं. एका दमात संपणारी गोष्ट. जिंकणाऱ्याला झेंडूचा हार आणि सुकेळीचं, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचं, पुडकं.

पहिल्या पुनवेला पास्कल जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. एकनाथ गाडीपाशी उभा राहून गरम पाइपावर पाणी शिंपडत होता. दुसऱ्या पुनवेलाही तसंच. सुकेळीचं पुडकं पास्कलने जयवंतीच्या हातात ठेवलं आणि ती म्हणाली, "काय सोडलीत हो भावजी गाडी, मी तर डोळेच मिटले." एकनाथने ती सुकेळी खाल्ली नाही. पित्त झालंय म्हणाला.

तरी ते सगळं त्याने गिळलं असतं. पण त्याच आठवड्यात स्टेशनवर टांगेवाल्या नथूने घोड्याला चारा घालता घालता सहज विचारलं, "पास्कलची गाडी तुम्हीच धुता पुसता ना हो?"

त्या दिवसापासून एकनाथला पास्कलचं काहीच सहन होईना. त्याचं शीळ घालणं. त्याचं शेडमध्ये येऊन न विचारता पाना उचलणं. तो पाना नेमका हवा तोच असायचा, याचा तर जास्तच राग. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून पास्कल येताना दिसला की एकनाथ गाडीखाली शिरायचा आणि त्याला नुसते पाय दाखवायचा.

चटणीवरून वाजलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो गाडीखालूनच म्हणाला, "या पुनवेला मी बसणार."

पास्कल भांडेल, अडवेल, निदान तोंड तरी पाडेल, अशी त्याची खात्री होती. उत्तरं तयार होती. रात्रभर घोकलेली.

"बसा की एकाभाऊ," पास्कल म्हणाला. "गाडी तुमचीच आहे."

हे तर सगळ्यांत वाईट. इतक्या सहज देतो, म्हणजे किती आपली समजत असणार.

पास्कल गेल्यावर एकनाथ होडीच्या फळीवर बसला. गुडघे स्टिअरिंगला टेकले. क्लचवर पाय ठेवायला कंबर वाकडी करावी लागली. दांड्यापर्यंत हात पोचायचा, पण कोपर रॉकेलच्या डब्याला घासायचं. त्याने उतरून पाहिलं, परत बसून पाहिलं. गाडी बांधताना मोजमापाला दर वेळी तो पास्कललाच बसवायचा. "बस रे जरा." "हात लांब कर." स्वतः कधी एकदाही बसला नव्हता. आपल्या हाताने आपण गाडी दुसऱ्याच्या अंगावर बेतली, शिंप्याने बेतावी तशी. त्याने करवत घेतली, फळी कापली आणि मागे सरकवली. त्या संध्याकाळी तो घरी जेवला नाही.

पुनवेला किनारा माणसांनी भरला. शेजारी वाघोलीच्या पॉलची लष्करी लिलावातली जीप, तीही पत्रा उतरवून सोललेली. पास्कल पुढे बांबूपाशी जाऊन उभा राहिला. जयवंती त्याच्या शेजारी. एकनाथने ते सुटायच्या आधी पाहिलं, नको होतं तरी.

रुमाल पडला. गाडीने अशी उडी घेतली की एकनाथची मान मागे गेली. जीप मागे पडली. वारा, फेस, माणसांच्या रांगेचा एकच रंग. 'आता बघा,' असं त्याच्या मनात आलं, 'बघा कुणाची आहे.' आणि अर्ध्या वाटेवर वाळूचा एक मऊ पट्टा लागला. मागची चाकं जागच्या जागी फिरली, ओझं सुटलं, आणि इंजिन किंचाळलं.

वीस वर्षं त्या आवाजाचा त्याच्या लेखी एकच अर्थ होता. पंपाचं पाणी तुटलंय, इंजिन मोकाट सुटलंय, आता फुटेल. धाव, दांडा मागे घे.

हाताने दांडा मागे घेतला. त्याला विचारलंही नाही.

इंजिन एकदम शहाण्यासारखं पुटपुटू लागलं. एकनाथने दांडा परत पुढे लोटला तोवर जीप शेजारून वाळू उडवत निघून गेली होती.

बांबूपाशी लोक जमले. "काय झालं हो? पुढे होतात की."

"क्लच घसरला," एकनाथ म्हणाला.

"तरीच," कुणीतरी म्हणालं. "पास्कल असता तर घसरत्या क्लचवर पण पुढे काढली असती."

पास्कल तिथेच उभा होता. त्याने इंजिनाचा आवाज पडलेला ऐकला असणार. पाव मैलाच्या पट्टीत ऐकायला दुसरं होतं काय?

शेडमध्ये गाडी लावल्यावर मग पास्कलने बाह्या वर केल्या, खालचं झाकण सोडवलं, क्लचवर बोट फिरवलं, बोट उजेडात धरून पाहिलं. जळका वास नाही, तेल नाही, क्लच घसरल्याची एकही खूण नाही. एकनाथ त्या बोटाकडे पाहत होता. याच बोटाने आता मला खोटं पाडलं तर पाडलं, त्याला वाटलं, आणि नाही पाडलं तर उपकार केले असं होणार. दोन्ही नको होतं. पास्कलने झाकण परत लावलं. चारी नट नीट आवळले, दर नटाला शेवटचा अर्धा वेढा एकनाथने शिकवला तसा.

जयवंती चहा घेऊन दारात आली. एक कप नवऱ्यासमोर ठेवला, दुसरा, पास्कलचा, हातातच राहिला.

"भावजी, क्लच होता का हो?"

एकनाथने मान वर केली नाही.

पास्कलने चिंध्यांच्या बोळ्याने बोटं पुसली, एकेक करून. खिळ्यावरची टोपी काढली, डोक्यावर ठेवली, आणि तिच्या हातातल्या कपाला वळसा घालून तो बाहेर निघून गेला.