बायकोचे तळवे

मी मुळातच भित्रा माणूस. पण साखरेची भीती मला बसली ती माझ्या नाही, बायकोच्या साखरेची, आणि ती बसली फुलंब्रीत. तिचे थोरले भाऊ तिथं शेती करायचे. अंगानं पैलवान, रानात कायम अनवाणी. मधुमेह होता, पण त्याला ते मोजतच नव्हते. एका उन्हाळ्यात अंगठ्याला बारीकशी जखम झाली, ती चिघळत गेली आणि दिवाळीच्या आत पाय गुडघ्याखालून काढावा लागला. मी भेटायला गेलो तर त्यांनी हसून रामराम केला आणि मला बाजेवर जागा करून द्यावी म्हणून सवयीनं पाय आवरायला गेले. नसलेला पाय. 

परतताना एसटीत बायको शेजारी बसली होती. तिलाही भावासारखाच जुना मधुमेह. मी सारखा तिच्या पायांकडं बघत होतो. ती म्हणाली, "काय बघायलात? हायेत दोन्ही."

तिचा स्वतःचा एक कायदा होता. जास्त चालणं झालं त्या दिवशी गोळी घ्यायची नाही आणि गोळी घेतली त्या दिवशी चालायचं नाही. एकाच दिवशी दोन्ही करणं तिला उधळपट्टी वाटायची. नवरात्रात तर नऊ दिवस गोळ्यांना सुट्टीच, कारण रोज पहाटे गारखेड्यातून छावणीजवळच्या कर्णपुऱ्याच्या देवीला पायी जायचं. अनवाणी. माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं देवीला बोलून ठेवलं होतं की माणूस घरी आला तर दरसाल नऊ दिवस पायात न घालता येईन. माणूस घरी आला. त्यामुळं तिच्या अनवाणी जाण्यावर तोंड उघडायची सोयच मला राहिली नव्हती.

भावाचा पाय गेल्यानंतरच्या नवरात्रात, पाचव्या माळेला, ती दर्शन करून आली. मी पेपर वाचत होतो. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत फरशीवर लाल ठिपके पडलेले तिला दिसले. "ताटातलं कुंकू सांडलं वाटतं," म्हणत ती फडकं घेऊन पुसायला लागली. पुसत पुढं गेली की मागं नवे ठिपके. ती वळायची, वैतागायची आणि पुन्हा पुसायची. मी चष्मा वर केला. ठिपके तिच्याच टाचेखालून उमटत होते.

"खाली बस," मी ओरडलो.

टाचेत बाटलीच्या काचेचा तुकडा रुतला होता. तो घेऊन ती कुठपासून चालत आली होती, देव जाणे. मी काच उपसली तेव्हाही ती पायाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत होती. "व्हय? कधी लागलं?" एवढंच म्हणाली.

डॉक्टरबाईंनी जखम बघितली, पट्टी केली. मग नायलॉनचा एक बारीक ताठ दोरा काढला. "काकू, डोळे मिटा. मी तळव्याला टेकवला की हो म्हणा." बायकोनं शहाण्या मुलीसारखे डोळे मिटले. दोरा तळव्यावर टेकला, दाबून वाकला, दुसऱ्या जागी टेकला, वाकला. ती वाट बघत बसली होती. शेवटी तिनंच विचारलं, "करा की सुरू." मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

बाईंनी समजावून सांगितलं. साखरेनं तळव्याच्या नसा बधिर झाल्यात. गोळी रक्तातली साखर आवरते. चालण्यानं ती साखर स्नायूंत खर्ची पडते आणि पायांतलं रक्त फिरतं राहतं. "गेलेलं परत येईल असं मी म्हणत नाही. जे उरलंय ते राखायचंय. त्याला दोन्ही लागतं, रोज. एक केलं म्हणून दुसरं माफ नाही." जखम भरेपर्यंत चालणं बंद, नुसते खुर्चीत बसून व्यायाम. नंतर बूट-मोजे घालूनच, आणि ही गोळी घेऊन उपाशीपोटी तर मुळीच चालायचं नाही.

जखम भरायला संक्रांत उलटून गेली. तोवर मी झोपेतून दचकून उठायचो आणि पांघरुणावरून तिचे दोन्ही पाय चाचपायचो. पुढं गोळी माझ्या समोर, चालणं माझ्या सोबत आणि रोज संध्याकाळी तळव्यांची तपासणी. लग्नात सुद्धा मी तिचे पाय इतके निरखले नव्हते. ती पाय ओढून घ्यायची. "पुरं झालं आता, लोकं हसतील." साखर उतरली होती, अंग हलकं झालं होतं, आणि तिच्या लेखी प्रश्न मिटला होता. तिला भीतीच वाटायची नाही, याचीच मला जास्त भीती वाटायची. तिनं जरा तरी घाबरावं म्हणून मी देवाला हात जोडायचो.

मग नवरात्र आलं आणि घरात जुंपली.

"उपास सोडते. देवीला कळतंय तेवढं," ती म्हणाली. "पण पायात घालून मी जायची नाय. नवस तुमच्या जिवाचा हाय. मोडला आन् तुमाला काय झालं तर?"

मी तिच्या पायाला भीत होतो, ती माझ्या जिवाला भीत होती, आणि आम्ही तावातावानं भांडत होतो. शेवटी मीच म्हणालो, "माझ्या जिवाचा नवस ना? मग मीच फेडतो. मी अनवाणी येतो, तू बूट घाल."

तिनं बराच विचार केला. "घरच्या माणसानं फेडला तर चालतंय म्हणा. पण तुमी? तुमी न्हाणीत सुद्धा सपाता घालून जाता."

पहिल्या माळेला तिनं दोन घास खाल्ले, गोळी घेतली, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि आम्ही निघालो. क्रांती चौकापर्यंतच माझी दैना झाली. डांबर असं असतं हे मला या वयात कळलं. बारीक खडी, ओलं, गार, कुणी थुंकलेलं, सगळं तळव्याला कळत होतं. मी कोंबड्यासारखा पाय उचलत होतो, आणि ती पदराआड हसत होती. आजूबाजूला बायाबापड्यांचे थवे अनवाणी झपाझप पुढं निघून जात होते.

पंचवटी चौकाच्या अलीकडं माझ्या पायात काटा भरला. मी "आई गं" म्हणून असा ओरडलो की पुढच्या बाया थांबल्या. दुभाजकाच्या कठड्यावर बसलो. बायकोनं खाली बसून माझा पाय मांडीवर घेतला आणि नखानं काटा काढला.

"लई दुखलं का?"

"जीव गेला माझा."

तिनं काटा तळहातावर घेऊन उजेडात धरला. बाभळीचा, अर्धवट मोडलेला. एवढासा. तिचं हसू गेलं. 

"एवढ्याशा काट्यानं तुमी एवढे वरडलात," ती म्हणाली. "मला आख्खी काच घुसली व्हती. मला कायबी नव्हतं कळलं."

मी तिच्या तळहातावरचा काटा उचलून फेकून दिला.

"अहो, मला लई भ्या वाटायलं."

हेच ऐकायला मी वर्षभर आसुसलो होतो. आता तिच्या तोंडाकडं बघवेना. ती माझ्याशेजारी कठड्यावर बसली आणि एवढ्या गर्दीत, कुणाचीही पर्वा न करता, बूट घातलेला पाय तिनं माझ्यापुढं केला.

"बघा ना जरा. आत कायी घुसलं तर नसंल?"

मी नाडी सोडली, मोजा उतरवला आणि तळवा टाचेपासून बोटांपर्यंत बघितला. मग दुसरा.

"काही नाही. दोन्ही चांगलेत," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

तिनं मान हलवली. माझ्या शब्दावर विसंबण्याखेरीज तिला दुसरा इलाजच नव्हता.