साडेदहाचे अकरा

आमचे हे गुत्तेदार. बीडच्या आसपासच्या खेड्यांत लहानसहान बांधकामं घेतात. मी आयटीआयला आरेखनाचा कोर्स केलेला, म्हणून नकाशे माझ्याकडे. जुन्या कॉम्प्युटरबरोबर आलेलं चोरीचं सॉफ्टवेअर एक दिवस उघडेनासं झालं, आणि नेमकं तेव्हाच चकलांब्याच्या बुद्धविहाराचं काम हाती होतं.

कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणाला, "ताई, परत कॉपी टाकून देतो की." मी नको म्हटलं. तीही बंद पडली तर? मोठ्या कंपनीचं दरसालचं भाडं झेपणारं नव्हतं. मग इंटरनेटवरून एक फुकटचं उतरवलं. आधीच काढलेला नकाशा त्यात उघडला, रेघा जशाच्या तशा दिसल्या. मला इतकं हायसं वाटलं, की आकडे ताडून न पाहताच छापून दिला.

चार दिवसांनी सकाळीच ह्यांचा फोन आला. "शेवटचा खड्डा शेजाऱ्याच्या जागेत चाललाय. त्यानं काम थांबवलंय. कावून गं?"

"दोन खांबांत किती अंतर धरलंत?"

"अकरा फूट. तुझ्याच कागदावर हाय."

मी साडेदहा काढले होते. त्या सॉफ्टवेअरनं परस्पर अर्ध्याचा पुरा करून आकडा लिहिला होता. खांबांमधल्या तीन गाळ्यांत मिळून दीड फूट वाढला.

गेवराईला गाडी बदलून मी पोचले. खड्डे वस्तीतल्या बायाबाप्यांनी स्वतः खणले होते, कडक मुरमात, रोजगार बुडवून. सगळे कडेला उभे होते. हे त्यांना सांगत होते, "माझ्याकडून आखणीचा चुना चुकीचा पडला."

मला ते सहन होईना. "न्हाई," मी म्हणाले, "नकाशा माझा. चूक माझी हाय."

एक म्हातारी पुढं आली. तिच्या तळहाताला फडकं बांधलेलं होतं. "मग तुझ्यावर आता इस्वास ठेवावा का न्हाई, ते तूच सांग लेकी."



घरी आल्यावर जेवण जाईना. काम गेलं तर ह्यांना पुन्हा कोण बोलावणार, हेच डोक्यात. मी स्वयंपाकघर टेपनं मोजलं, अर्ध्या इंचासकट, आणि मिळतील ती स्वस्त सॉफ्टवेअरं उतरवून तेवढीच खोली प्रत्येकात काढत बसले. एकानं कॉम्प्युटरच बंद पाडला. दुसरं छापायला गेलं की पैसे मागायचं. तिसऱ्याचा कागद टेपशी बरोबर जुळला; ते एकदाच विकत घ्यायचं होतं, भाडं नाही. तेच घेतलं.

त्या शोधाशोधीत कळलं, की फुकटच्यातही अर्धा दाखवायची सोय होती. फक्त सेटिंगमधला एक आकडा बदलायचा राहिला होता. मी फरशीवर बसून रडले. सॉफ्टवेअरला दोष देता येत होता, तोवर निदान उभी तरी होते.

नवा नकाशा घेऊन दोघं गेलो. वस्तीनं काम ह्यांच्याकडेच ठेवलं, पण नकाशा बीडच्या एका इंजिनिअरला दाखवायचा ठरवलं. मी मान डोलावली. मग आम्ही दोघांनी चुकीचे खड्डे बुजवले. मदतीला कोणी आलं नाही, आणि आम्ही बोलावलंही नाही.