पटक्याचा पट्टा

मस्कतला ज्या साहेबाची गाडी मी चालवायचो, तो मला सीटचा पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच करू द्यायचा नाही. सातवीतून शाळा सोडलेल्या मला परमुलखात पहिला धडा मिळाला तो हाच.

पहिल्या रजेवर कुंडलला आलो आणि वडिलांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं. मिरजेच्या दवाखान्यात लवकर पोचवलं तर बरं, एवढं डॉक्टर म्हणाले. टॅक्सी आणून त्यांना पुढं बसवलं, आई आणि मी मागं; पण ओढ्याच्या वळणावरच ते कलंडून ड्रायव्हरच्या अंगावर आले. गाडी बांधाला लागता लागता राहिली.

"हिला पट्टा न्हाई व्हय?" मी विचारलं.

"गड्या, हिला ब्रेक हाय, हेच लय समज," ड्रायव्हर म्हणाला.

मी वडिलांच्या डोक्याचा पटका काढायला गेलो. बांधण्याजोगं तेवढंच होतं. त्यांनी चांगल्या हातानं तो गच्च धरला. "बोडका... नगं. कोन मेलंय व्हय?" आमच्याकडं पुरुष उघड्या डोक्यानं दिसतो तो सुतकात.

मागच्या सीटवरून आई पुढं वाकली आणि तिनं आपला पदर त्यांच्या डोक्यावर धरला. तेव्हा कुठं हात ढिला पडला. पटका त्यांच्या छातीवरून घेऊन मी सीटच्या मागं गाठ मारली.

"आबा, नवरी दिसताय बगा!" ड्रायव्हर म्हणाला. वडिलांचं अर्धं तोंड हसलं. मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. आईशेजारी बसून मी गाठीवर हात ठेवला. त्या भल्या माणसानं पुढं एक खड्डा लागू दिला नाही. त्याचे उपकार. मिरजेपर्यंत आईनं पदर खाली घेतला नाही.

दवाखान्यात गाठ सुटेना. वॉर्डबॉयनं कात्री आणली तसे वडील ओरडले. मग मी ती दातांनी सोडवली.

ते वाचले. मी निघालो त्या दिवशी काठी धरून दारापर्यंत आले. डोक्यावर तोच पटका, आईनं बांधलेला, जरा तिरका.

विमानातल्या बाईंनी मला सीटचा पट्टा लावून दिला आणि सोडायचा कसा तेही दाखवलं. बकलावरची पट्टी नुसती उचलली की सुटला. पुढं पट्ट्याच्या खुणेचा दिवा विझल्यावर सगळ्यांनी पट्टे काढले. मी काढला नाही. एवढ्या सहज सुटणाऱ्या गाठीचा भरवसा वाटेना. मस्कत येईपर्यंत तिच्यावर हात ठेवून बसलो.