वरच्याचा समुद्र

जयपुरात समुद्र आहे असं मानणारा माणूस अख्ख्या राजस्थानात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर राहायला आला. डोक्यावर म्हणजे मानसरोवर नावाच्या वस्तीतल्या आमच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत. खाली मी, नोकरीतल्या बदलीपायी एकटी येऊन पडलेली, नवरा आणि लेक सांगलीला. आणि वर हा, वाशीमकडचा, चाळिशीला टेकलेला, लग्नबिग्न नाही. दिवसभर कुठल्याशा कंपनीसाठी जाहिरातींची चित्रं करायची आणि उरलेल्या वेळात इंटरनेटवर मराठी कॉमिक काढायचं, हा त्याचा संसार. त्याला चांगलं आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, पण मी पहिल्या दिवसापासून त्याला 'वरचा' म्हणत आले. टाकी वाहायला लागली की जिन्यातून "अरे वरच्या!" अशी हाक मारायची. तोही 'ओ' द्यायचा.

त्याचं कॉमिक एका खलाशाचं होतं. हा खलाशी पाच वर्षांपूर्वी घरून निघाला होता आणि तेव्हापासून घरीच परत जायला निघालेला होता, पण दर शुक्रवारी एखादं बेट, एखादं वादळ, नाहीतर एखादा देवमासा आडवा यायचा. आता गंमत अशी की समुद्र या चित्रकाराने जन्मात पाहिलेला नव्हता. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात माझी निळी बादली "दोन दिवसांसाठी" म्हणून नेली ती कायमची. तिच्यात पाणी भरायचं, त्यात साबणाची डबी सोडायची आणि समोर जवळच्या सांगानेरहून आणलेला जाडाभरडा हातकागद घेऊन मांडी घालून बसायचं. एकदा मी वाळवण घालायला वर गेले तर म्हणाला, "ताई, जरासं वादळ करून द्या ना. माहे दोन्ही हात गुंतले हायेत." झालं! हातात पळी होती तीच बादलीत घातली आणि मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात, गच्चीवर, मी अर्धा तास वादळ केलं. वर हा सूचना देतोय, "थोडं कमी, ताई. जहाज बुडून राहिलं." माझ्या नवऱ्याने हे पाहिलं असतं तर मला कायमची परत घेऊन गेला असता.

सकाळी उठून तो पहिल्यांदा रत्नागिरीचं हवामान बघायचा. इथे धुळीने समोरचं घर दिसत नाही, आणि हा जिन्यात उभा राहून चिंतेने सांगणार, "आज समुद्र लय खवळला हाये, ताई." ऑटोवाल्याला उजवीकडे-डावीकडे सांगणं त्याला ठाऊकच नव्हतं. "भैया, थोडा पश्चिम लेना," म्हणायचा. ते भैयाही बिचारे आधी सूर्य कुठे आहे ते बघायचे आणि मग वळायचे. जेवणाची तर तऱ्हाच. खलाशी जे खाईल ते हा खाणार. खलाशाला बेटावर नारळ सापडले तेव्हा याने पंधरा दिवस नारळ खाल्ले आणि करवंट्या माझ्या तुळशीपाशी रचल्या. खलाशी तराफ्यावर उपाशी होता तेव्हा मात्र मला काळजी वाटली. मी पिठलं-भाकरी घेऊन वर गेले आणि सांगितलं, "हे बघ, तुझ्या तराफ्याजवळून आत्ता सांगलीचं गलबत चाललंय. मुकाट्याने गिळ." मुकाट्याने गिळलं. पुढच्या शुक्रवारी खरोखरच एक जाडी, कपाळाला आठ्या घातलेली बाई गलबतातून खलाशाला भाकरी फेकून मारताना दिसली. मी जाडी नाही. आठ्यांबद्दल मी काही म्हणत नाही.

पण या माणसाचं खरं रूप बघायचं तर रविवारी सकाळी अकराला. तेव्हा तो टाकीच्या सावलीत बसून आपल्या वाचकांशी फोनवर गप्पा मारायचा. वाचक किती, तर सगळे मिळून अकरा. ते लिहायचे, हा मोठ्याने वाचायचा आणि मोठ्यानेच उत्तर द्यायचा, त्यामुळे बाराव्या मला घरबसल्या सगळं ऐकू यायचं. विषय एकच, जुन्या साहसाच्या कादंबऱ्या. समुद्र, बेटं, गुहा, नकाशे, हरवलेली माणसं. वाशीमकडच्या त्याच्या गावातल्या वाचनालयात त्याचे वडील ग्रंथपाल होते आणि अशा झाडून सगळ्या कादंबऱ्या त्यांनी याला लहानपणी वाचून दाखवल्या होत्या. याची आई हा सात वर्षांचा असताना गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी बाप वाचतोय आणि मुलगा ऐकतोय. मात्र त्या पुस्तकांची शेवटची पानं गळलेली असायची, मग शेवट वडील आठवून सांगायचे. कादंबरी कुठलीही असो, कप्तानाची नाहीतर दरोडेखोराची, शेवट ठरलेला. वरचा तो डोळे मिटून सांगायचा, "मंग तो घरी आला, हातपाय धुतले अन् जेवाले बसला." आणि तेवढ्यात वडील याच्यासमोर ताट ठेवायचे.

आता हे बापाचं प्रेम म्हणून ठीक आहे हो, पण हा चाळिशीचा घोडा तेच खरं धरून बसला होता! जगातल्या यच्चयावत साहसकथा हातपाय धुऊन जेवायला बसण्याने संपतात, असं तो अकरा लोकांना ठासून सांगायचा. वाचक ओरडायचे. त्यांच्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्या फार कडक. "आपण मूळ पुस्तक वाचलेले दिसत नाही. त्यात नायक मरतो," असं त्या पूर्णविरामासकट लिहायच्या. हा हसायचा. "बाई, तुमची प्रत खराब असंन. माहे बाबा ग्रंथपाल होते. पानाचा कोपरा दुमडणाऱ्या मेंबराशी दोन दोन दिवस बोलत नव्हते ते. खोटं सांगतीन?" मग सगळ्यांचा मिळून एकच प्रश्न यायचा. तुमचा खलाशी घरी कधी पोचणार? "अजून दोन बेटं बाकी हायेत," हा म्हणायचा. पाच वर्षं दोनच बेटं बाकी होती.

गप्पा संपल्या की वडिलांचा फोन यायचा. म्हातारा आता एकटा, डोळे जवळजवळ गेलेले, शेजारची सून डबा देते. तेही तेच विचारायचे, "कधी येतं?" आणि हा पठ्ठ्या त्यांनाही तेच सांगायचा, "येतो बाबा, जरासं काम बाकी हाये." चार वर्षं गेला नव्हता. एकदा मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, मी दर दोन महिन्यांनी सांगलीला मरमर प्रवास करते आणि तुला काय धाड भरलीय रे? बराच वेळ साबणाची डबी पाण्यात ढकलत बसला आणि म्हणाला, "गेलं की निघा लागते ना, ताई. मागच्या वेळी निघालो तर बाबा दारात उभे. त्याहिले मी दिसत नव्हतो, तरी हात हालवत होते. भलत्याच दिशेनं." मला सांगलीच्या स्टँडवरची माझी लेक आठवली.

मग एका रविवारी मुख्याध्यापिकाबाईंचा संयम सुटला. जहाजावरच्या एका पोरसवदा स्वयंपाक्याची कादंबरी होती, वरच्याची सगळ्यात लाडकी. बाईंनी जुन्या बाजारात तिची धड प्रत मिळवली, शेवटच्या चार पानांचे फोटो काढले आणि पाठवून दिले. "कृपया वाचावे." वरच्याने नेहमीसारखं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी खाली भाजी निवडत होते. बंदर दिसायला लागतं, गावातले दिवे दिसायला लागतात, आणि तो स्वयंपाक्या तापाने जहाजावरच जातो. त्याचा रिकामा डबा तेवढा घरी पोचतो. वरचा आवाज बंद झाला. मी हातातली भाजी टाकून वर पळाले, तर हा फोनकडे बघत बसलेला. तेवढ्यात फोन वाजला. वेळच होती, वडिलांचा. याने 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही.

"बाबा, तो पोट्टा तं मेला होता."

फोन स्पीकरवर होता. मग म्हातारा म्हणाला, "कोन सांगतलं तुले?"

"पानं पाहिली म्या. तुम्ही तं म्हने पानं गळली."

"गळली नव्हती. म्याच काढली."

वरच्याने माझ्याकडे पाहिलं. कोपरा दुमडला तर दोन दिवस अबोला धरणारा माणूस!

"तुई माय गेली अन् तू जेवेच ना," म्हातारा सांगत होता. "पुस्तकात कोनी मेलं का ताट सारून दे. मंग म्या आधी घरी वाचून पाहाचो. कोनी मरत असंन तं तेवढी पानं काढून ठेवाचो. काय करतो बाप्पा, तुले जेवू घालाचं होतं."

"किती पुस्तकांची काढली?"

"लय. फेकली नाईत. कपाटात हायेत, पाकिटात, पुस्तकाचं नाव टाकून. रिटायर झालो तवा वाटलं परत चिकटवावी. पन मले आता दिसत नाई ना रे." मग म्हणाले, "तू येतं का? चिकटवून देजो. मंग मले वाचनालयाची चोरी डोक्यावर घेऊन मरा नाई लागत."

मला तिथे उभं राहवेना. मी टाकीच्या मागे जाऊन डोळे पुसले. परत आले तेव्हा हा म्हणत होता, "येतो बाबा." काम बाकी असल्याचं काही बोलला नाही.

मंगळवारी सकाळी मी त्याला स्कूटरवरून दुर्गापुरा स्टेशनवर सोडलं. पाठीवर एक पिशवी, हातात डिंकाच्या सहा बाटल्या. म्हटलं, अरे वाशीमला डिंक मिळत नाही का? म्हणाला, "मिळते, पन वेळेवर दुकान बंद असलं तं?" ऑफिसचं काम तिथून करायची परवानगी घेतली होती. परत कधी येणार ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला. "पोचलो, ताई."

"हातपाय धुतलेस का?"

"धुतले."

"मग बस जेवायला," मी म्हटलं आणि फोन ठेवला. आणखी बोलले असते तर रडले असते, आणि आठ्यावाल्या बाईला ते शोभत नाही.

त्या शुक्रवारी खलाशी घरी पोचला. बेट नाही, वादळ नाही. एक म्हातारा ताट घेऊन दारात उभा आहे, अगदी बरोबर दिशेला तोंड करून, आणि खलाशी अंगणात पाय धुतोय. चित्राखाली अकरा वाचकांचे अकरा अभिप्राय होते. मुख्याध्यापिकाबाईंचा सगळ्यात छोटा. "शेवट बरोबर आहे." मी मात्र चित्रातली बादली बघत बसले. निळी, कडी एका बाजूने वाकलेली. माझीच होती.

आता सहा महिने झाले. तिकडे अजून पाकिटं संपलेली नाहीत, हा वाचनालयातून पुस्तकं आणून एकेक पान चिकटवतो आणि चिकटवायच्या आधी म्हाताऱ्याला वाचून दाखवतो. वरची खोली रिकामीच आहे. रविवारी अकरा वाजले की घर फार गप्प होतं, आणि तो मेला मला फार आठवतो. मग मी वर जाते. बादली तिथेच आहे, मी ती खाली आणलेली नाही. तिच्यात धूळ बसते, ती धुते, पाणी भरते, साबणाची डबी सोडते आणि टाकीच्या सावलीत बसून सांगलीला फोन लावते. लेक विचारते, "आई, कधी येणार?" पूर्वी मी म्हणायचे, बघू, काम आहे. आता तारीख सांगते.