नळी पुरेल तेवढं घर

चर्चच्या हॉलमध्ये गिदोन साळवेंच्या आठवणीसाठी लोक जमले होते, आणि जो उठे तो जंगलाचंच सांगे. एकजण म्हणाला, पेंचकडे आम्ही वाट चुकलो तेव्हा साळवे पुढे झाले आणि नाल्याच्या धारेधारेनं आम्हाला गावाला लावलं. दुसरा म्हणाला, अस्वल समोर आलं तर हा माणूस नुसता उभा राहिला, पापणीही हलवली नाही. पाळकसाहेब हसत म्हणाले, "रविवारी सकाळच्या उपासनेला ते पाठपिशवी घेऊनच यायचे. आशीर्वाद देऊन माझा हात खाली येतो न येतो, तोच त्यांचे बूट दाराबाहेर वाजायचे!"

सगळे हसले. पहिल्या बाकावर बसलेली त्यांची बायको एस्तेर हसली नाही. सांगणारे खोटं सांगत नव्हते, पण यातलं काहीच तिनं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आठवडाभर विमा कचेरी आणि रविवारी रान, असा साळवेंचा संसार. ती घरी. आधी मुलं लहान, मग सासूचं दुखणं, मग तिचे गुडघे.

तीन वर्षांपूर्वी साळवेंना चढावर दम लागायला लागला. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं, फुफ्फुसं आतून कडक होत चालली आहेत, आता मागं फिरायची नाहीत. नंदनवन वस्तीतल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ऑक्सिजनचं यंत्र आलं. ते दिवसभर घरघरे, आणि त्याची नळी साळवेंच्या नाकात. नळी पुरेल तेवढं घर त्यांचं. ती पलंगापासून मोरीपर्यंत पुरे, गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत पुरे. गॅलरीच्या कठड्यापर्यंत पुरत नसे. एस्तेरनं लांब नळी आणून पाहिली, तर हवेचा जोर कमी पडला आणि साळवेंचे ओठ निळे व्हायला लागले. मग त्यांनी पलंग उंबऱ्याला लावून घेतला आणि घराकडे पाठ करून ते पडून राहू लागले. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि वर हातभर आभाळ.

"कोंडून ठेवलं वं तू मले," ते म्हणत.

"अन् मी कुठं मोकळी आहो?" ती म्हणे.

तेही खरंच होतं. कामवाली असेपर्यंत धावत भाजी आणायची, तीही हातात मोबाइल धरून. बहिणीच्या नातवाचं लग्न झालं तेव्हा ती इथं वाफारा देत बसली होती. कधी कधी स्वयंपाकघराचं दार लोटून ती उभी राही. यंत्राची घरघर तिथंही येई.

मे महिन्यातल्या एका दुपारी वस्तीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. लाइट गेली, लिफ्ट थांबली. इन्व्हर्टरवर यंत्र थोडा वेळ चाललं आणि बंद पडलं. एस्तेरनं अडीअडचणीसाठी ठेवलेला ऑक्सिजनचा लहान सिलिंडर पान्यानं उघडला. त्याचा काटा अर्ध्यावरच होता. सिलिंडरवाला फोनवर म्हणाला, गाडी बाहेर गेली आहे, दोन तास लागतील. तिनं लकडगंजला भैयाजींना फोन लावला. लाकडाचा व्यापारी, साळवेंचा रानातला जुना सोबती.

"घाबरू नका वहिनी, येऊनच राहिलो," भैयाजी म्हणाले, आणि वखारीतले दोन हमाल गाडीत घालून आले.

साळवेंना जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत बसवलं, जुन्या साडीनं बांधलं. हमालांनी खुर्ची उचलली. नळी तोकडी, म्हणून एस्तेर सिलिंडर छातीशी धरून अगदी खुर्चीला लागून चालली. जिन्यात अंधार, भट्टीसारखी हवा.

"दमानं गा," साळवे पुढच्या हमालाला म्हणाले. दर दोन शब्दांमागे त्यांना थांबावं लागत होतं. "आधी पाय टेकव... मंग भार टाक. एस्तेर, तू भिंतीकडून चाल."

माणसं याच्या मागं का जात, ते तिला त्या जिन्यात कळलं.

खाली गाडीत बसल्यावर भैयाजींनी विचारलं, "दवाखान्यात घेऊ ना?"

साळवेंनी एस्तेरचं मनगट पकडलं. "दवाखाना नको. गोरेवाड्याचा तलाव."

दवाखान्यात नेलं तर अतिदक्षता विभागात ते काचेच्या आत आणि ती काचेच्या बाहेर, एवढं तिला ठाऊक होतं. "सिलिंडर बदलून घेऊ, अन् गोरेवाड्याले चला," ती म्हणाली.

वाटेत दुकानातून भरलेला सिलिंडर घेतला. तलावाशी पोचले तेव्हा ऊन कललं होतं. पाणी पार खाली गेलेलं, काठाची माती भेगाळलेली. साळवेंनी काच खाली करायला लावली. पाण्याकाठी आल्यावर माणूस घेतो तसा मोठा श्वास घ्यायला गेले. छाती भरली नाही. पुन्हा एकदा घेऊन पाहिला.

"मले वाटे, त्या भिंतीनंच जीव कोंडून राहिला," ते म्हणाले. "इथंही तेवढाच कोंडते वं."

भैयाजींनी तोंड फिरवलं. "मंग?" एस्तेरनं विचारलं.

"मंग काय. घरी चल."

घरी लाइट आली होती. दुसऱ्या दिवशी साळवेंनी पलंग उंबऱ्यापासून हलवायला लावला, स्वयंपाकघराच्या दाराशी. "इथून तू दिसते," म्हणाले. मग ती भाजी चिरत असताना विचारू लागले, मी नसताना रविवारी तू काय करत होती? तिनं सांगितलं. शिवण करत होते. अंधार पडला की फाटकाच्या आवाजाकडे कान लावून बसत होते. पोरांवर राग काढत होते.

"सांगितलं काहून नाही?"

"सांगायले तुम्ही घरी कुठं होते?"

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. ते रडत, नळी ओढून फेकत, ती पुन्हा लावी. पावसाळा सरता सरता एका सकाळी ती दुधावरची साय काढत असताना ते गेले.

आता हॉलमध्ये भैयाजी बोलत होते. "पाखरासारखा माणूस. कधी कोणाच्या पिंजऱ्यात राहिला नाही!" गोरेवाड्याचं त्यांनी सांगितलं नाही. मग पाळकसाहेबांनी एस्तेरकडे पाहिलं, आणि ती बाकाचा आधार घेऊन उठली.

"तुम्ही सांगितलं ते सगळं खरं आहे," ती म्हणाली. "पण शेवटची तीन वर्षं ते कोंडलेले होते. मीही होते. त्यांना ते जमत नव्हतं, खूप राग यायचा. तरी रोज सकाळी उठून ते पुन्हा तेवढ्याच जागेत दिवस काढायचे. अस्वलासमोर उभं राहण्यापेक्षा मला ते अवघड वाटलं. तेही लक्षात ठेवा."

भैयाजी रुमालात तोंड घालून बसले. पाळकसाहेबांनी गीत म्हणायला सुरुवात केली.

चहाच्या वेळी बायजाबाई तिच्याजवळ आली. मागच्या बाकावर बसून लवकर निघून जाणारी बाई. तिचा नवरा अर्धांगानं अंथरुणाला खिळून होता, सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी विचारत नव्हतं. तिनं एस्तेरचा हात धरला, तो सोडेचना.

"माझ्याकडे येशील का वं एखाद्या दिवशी?" ती म्हणाली. "दुसरं काही नको. नुसती बस."

"उद्या येते," एस्तेर म्हणाली.